टोफेलचे नाव पुढे करून मराठी वर्ग बंद करू नका



गेल्या महिन्यात मंडळाच्या सभागृहात झालेल्या विस्तारित बैठकीतला चौथा विषय आपल्यापैकी बऱ्याच जणांनी चहाचे कप हातात असताना ऐकला असेल. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने बडोद्यात सुरू केलेल्या मराठी शाळेचे उरलेसुरले प्राथमिक वर्ग येत्या जूनपासून इंग्रजी माध्यमाचे करावेत, असा तो प्रस्ताव होता. पटसंख्या घसरली हे कारण सांगितले गेले, ते खरे आहे. शिक्षक मिळत नाहीत हेही खरे आहे. पण या दोन कारणांवर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या पडल्या त्या तिसऱ्या कारणाला. एक वडीलधारे सभासद उठून म्हणाले, "आपली मुले आता सायन्सला जातात. पुढे एम.एस., पीएच.डी.साठी अमेरिका, इंग्लंड गाठायचे असते. तिथे टोफेल लागते, आयईएलटीएस लागते. मराठीत शिकलेला पोरगा ते कुठून देणार?"

सभागृहात माना डोलल्या. मी हात वर केला होता. अध्यक्षांनी घड्याळ दाखवले. म्हणून जे बोलायचे राहिले ते आपल्या पत्रकातून लिहितो आहे. वडीलधाऱ्यांचा मान ठेवूनच लिहितो, पण स्पष्ट लिहितो.

मी शास्त्रज्ञ नाही, प्राध्यापक नाही. बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून आहे. मात्र या विषयातले कागद माझ्या हाताखालून जातात. मी नोकरीला लागलो तेव्हा परदेशी विद्यापीठांच्या अर्जाच्या फीसाठी मुले डॉलरचा ड्राफ्ट काढायला काउंटरवर येत. आता ते काम कार्डावर होते, पण शैक्षणिक कर्जाची फाइल अजून आमच्याच टेबलावर येते. प्रवेशपत्र, गुणपत्रिका, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, वडिलांची पगारपत्रके आणि साडेसात लाखांच्या वरचे कर्ज असेल तर घराचे कागद तारणाला. फाइल लावता लावता मी दहावीचे दाखलेही वाचतो. ते माझे काम नव्हे, जुनी सवय आहे. कोण कुठल्या शाळेतून आला, कोणत्या माध्यमातून शिकला, हे मला आपोआप कळते. गुजराती माध्यमात शिकलेल्या, आणंद-नडियादकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या निकालपत्रांवर आयईएलटीएसचे साडेसहा, सात गुण मी पाहिले आहेत. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलांच्या निकालपत्रांवरही साडेसहा, सातच पाहिले आहेत. नाव झाकून नुसता निकाल दाखवला तर मुलाचे माध्यम कोणते होते हे मला सांगता येणार नाही.

आता घरची गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, मुलीला बालवर्गापासून इंग्रजी माध्यमात घातले. आई म्हणाली होती, "अरे, जवळ आपली शाळा आहे." दादाचे उत्तर ठरलेले होते: पुढे तिला कुठे जायचे असेल तर अडायला नको. बारावीपर्यंतच्या फीचा हिशेब मीच त्याला एकदा करून दिला होता. साडेचार लाखांच्या वर गेला होता. त्यात रिक्षा आणि शिकवण्या धरलेल्या नाहीत. मुलगी हुशार निघाली. बारावीनंतर एम. एस. युनिव्हर्सिटीतून रसायनशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी. आपल्या या युनिव्हर्सिटीत १९४९ सालच्या स्थापनेपासून इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम आहे. वेंकी रामकृष्णन येथूनच १९७१ साली बी.एस्सी. होऊन ओहायोला गेले आणि २००९ साली त्यांना नोबेल मिळाले, हे आपण प्रत्येक समारंभात सांगतो. तर पहिलीपासून एम.एस्सी.पर्यंत पुतणीची सतरा वर्षे इंग्रजीत गेली. तिचे प्रयोगाचे जर्नल इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत. मैत्रिणींशी भांडतेही इंग्रजीत.

तिने पीएच.डी.साठी आठ विद्यापीठांत अर्ज केले. विज्ञानाच्या पीएच.डी.ची मोठी सोय अशी की अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळते. कारकुनाच्या घरातली मुलगी कर्ज न काढता जाऊ शकते असा हा एकच रस्ता आहे. पण त्या रस्त्याच्या तोंडाशीच नाका आहे. अर्जाची फी सरासरी नव्वद डॉलर धरली तरी आठ ठिकाणचे आजच्या दराने साठ हजारांवर जातात. टोफेलची फी पंधरा हजारांच्या पुढे. निकाल चार विद्यापीठांना फुकट पाठवतात, पाचव्यापासून प्रत्येकाचे वेगळे पैसे.

एका विद्यापीठाला तिने विचारले की माझे सगळे शिक्षण इंग्रजीत झाले आहे, तसे युनिव्हर्सिटीचे पत्र जोडते, चालेल का? उत्तर आले, चालणार नाही. आपला देश त्यांच्या यादीत नाही. बरे, परीक्षा दिली, गुण उत्तम आले. त्या वर्षी वहिनींच्या आजारपणामुळे जाणे लांबले. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. त्यातल्या एका ठिकाणच्या प्राध्यापकांनी संगणकावरून चाळीस मिनिटे तिची मुलाखत घेतली. सगळे बोलणे इंग्रजीत, त्यांना ती पसंत पडली, तसे त्यांनी कळवलेही. आणि आठ दिवसांनी कार्यालयाचे पत्र: आपल्या इंग्रजी परीक्षेचा निकाल दोन वर्षांपेक्षा जुना झाला आहे, तरी नवीन निकाल सादर करावा.

इंग्रजी म्हणजे काय दूध आहे, दोन वर्षांत नासायला? मधल्या काळात मुलगी इंग्रजीत एम.एस्सी. झाली होती! पण नियम तो नियम. आमच्या बँकेतही असे नियम आहेत, त्यामुळे कार्यालयातल्या त्या बाईंचा मला राग आला नाही. पुन्हा पंधरा हजार भरले. त्या दिवशी दादा मला म्हणाला, "मग आपण सतरा वर्षे काय केले?" आपल्या मंडळाने टाळ्या वाजवण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

ही अट नेमकी काय आहे ते आधी नीट समजून घेऊ. टोफेल ही परीक्षा १९६४ सालापासून घेतली जाते. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन येथील ईटीएस ही संस्था ती चालवते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडची आयईएलटीएस १९८९ची. टोफेलचे गुण १२०पैकी, विद्यापीठे साधारण ८० ते १०० मागतात. आयईएलटीएसचे गुण ९पैकी, मागणी बहुधा साडेसहा ते सातची. दोन्हींत वाचणे, ऐकणे, बोलणे, लिहिणे असे चार भाग. प्रश्न विज्ञानाचे नसतात. एखादा उतारा, वर्गातले थोडे व्याख्यान, ग्रंथालयाच्या खिडकीवरचे संभाषण आणि त्यावर प्रश्न. टोफेल २००५ साली संगणकजालावर आली तेव्हा सुमारे चार तासांची होती. २०२३च्या जुलैपासून ती सुमारे दोन तासांची झाली. २०२६च्या जानेवारीपासून तर मोजपट्टीच बदलून १ ते ६ केली आणि जुने १२०पैकीचे गुण काही काळापुरते सोबत ठेवले. चार तासांत मोजायचे इंग्रजी दोन तासांत मोजता येते, १२०चे ६वर आणता येते. मग ज्याच्या हातात सतरा वर्षांच्या गुणपत्रिका आहेत त्याचे इंग्रजी त्या गुणपत्रिका वाचून का मोजता येत नाही?

कारण ही अट आपल्या शाळेचे माध्यम विचारतच नाही. ती देश विचारते. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या सूचनांत वर्षानुवर्षे एक यादी छापली जात होती, ज्यांना इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागेल अशा देशांची. बांगलादेश, नेपाळ, भारत, पाकिस्तान, चीन, जपान, कोरिया, बहुतेक युरोप. चीन आणि भारत एका ओळीत! ज्या मुलाने भौतिकशास्त्र चिनी भाषेत वाचले तो आणि ज्याने आपल्या फतेहगंजच्या सायन्स फॅकल्टीत इंग्रजीत वाचले तो, दोघेही त्या दारात एकाच रांगेत. इंग्लंडच्या व्हिसाच्या नियमांत बहुसंख्य लोक इंग्रजी बोलणाऱ्या देशांची यादी आहे. तिच्यात जमैका, गयाना, बेलीझ आहेत, माल्टा आहे. माल्टात घरोघरी माल्टीज बोलतात, तरी माल्टा आहे आणि भारत नाही. काही विद्यापीठे सवलत देतात, हे मी लपवणार नाही. कोणी माध्यमाचे पत्र मान्य करते, इंग्लंडमधली कित्येक विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीचे गुण पाहतात. पण तिथेही केंद्रीय बोर्डाला एक न्याय आणि राज्य बोर्डांना दुसरा असे पुष्कळदा असते. सवलत त्यांच्या मर्जीची आहे. आपल्याला तो हक्क म्हणून मिळालेला नाही.

आणि मर्जी कशी फिरते ते २०२० साली सर्वांनी पाहिले. साथीमुळे परीक्षा केंद्रे बंद पडली, विद्यार्थी येईनात, तेव्हा घरबसल्या द्यायची डुओलिंगोची परीक्षा, जिची फी शंभर डॉलरच्याही आत, ती एकाएकी ठिकठिकाणी मान्य झाली. विज्ञानाच्या अनेक विभागांनी २०१८नंतर आणि विशेषतः त्या साथीच्या काळात जीआरईची अटच काढून टाकली. त्या परीक्षेच्या गुणांवरून संशोधक ओळखता येत नाही आणि तिच्या खर्चामुळे गरीब मुले बाहेर राहतात, असे तिथल्याच प्राध्यापकांनी मांडले होते. तोच न्याय इंग्रजीच्या परीक्षेला लावायला कोणी धजत नाही. कारण उघड आहे. जीआरई त्यांच्या मुलांनाही द्यावी लागत होती, टोफेल फक्त परक्यांना द्यावी लागते.

या निकालपत्राच्या विश्वासार्हतेबद्दल तर आपल्या गुजरातमध्ये बोलायलाच नको. २०२२ साली अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट रेजिस नदीत बुडणाऱ्या बोटीतून जे तरुण वाचवले, त्यांतले चौघे मेहसाणा जिल्ह्यातले होते. न्यायालयात त्यांना इंग्रजीत उत्तर देता येईना, दुभाषा लागला. पण आयईएलटीएसचे साडेसहा-सात गुण त्यांच्या नावावर होते. मेहसाणा पोलिसांना चौकशी करावी लागली. ज्यांना येत नाही त्यांच्याकडे दाखला आणि जिला येते तिचा दाखला शिळा!

आता कोणी म्हणेल, परीक्षा अन्यायाची असो, द्यावी तर लागतेच, मग इंग्रजी माध्यम असलेले बरे नाही का? इथेच आपल्या बैठकीत मोठी गफलत झाली. भाषा येणे आणि त्या भाषेत पहिलीपासून सगळे शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीची डॉक्टरेट घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत पहिला क्रमांक आपला नाही. तो चीनचा आहे, आपण दुसरे. ती चिनी मुले गणित चिनीत शिकली, रसायन चिनीत शिकली, इंग्रजी एक विषय म्हणून शिकली आणि परीक्षेपूर्वी काही महिने घासून तयारी करून गेली.

मरियम मिर्झाखानी यांचे नाव आपल्यापैकी शिक्षकमंडळींना ठाऊक असेल. तेहरानच्या शाळेत शिकल्या, तिथल्याच शरीफ विद्यापीठातून १९९९ साली पदवी घेतली. हे सगळे फारसीत. मग हार्वर्डला जाऊन २००४ साली डॉक्टरेट आणि २०१४ साली गणितातले फील्ड्स पदक. ते मिळवणारी जगातली पहिली स्त्री. हार्वर्डच्या वर्गात त्या प्रश्न इंग्रजीत विचारत आणि वहीत टिपणे फारसीत घेत. हे वाचल्यापासून ती वही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझी पुतणी अशी टिपणे मराठीत घेऊ शकणार नाही. तिला मराठी बोलता येते, वाचता जेमतेम येते. आईने, म्हणजे तिच्या आजीने, हाताने लिहून ठेवलेल्या पदार्थांच्या वहीतले एक पान तिला हवे होते. तिने मोबाइलवर फोटो काढून वहिनींना पाठवला आणि वहिनींनी तो फोनवर वाचून दाखवला. एकाच घरात, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर. हे पत्रकही तिला कोणीतरी वाचूनच दाखवील.

तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, असे म्हणायची वेळ आहे. मराठी सोडली ती इंग्रजीचा दाखला मिळावा म्हणून, आणि इंग्रजीचा दाखला तर चिन्याइतकाच रांगेत उभे राहून, पैसे मोजून घ्यावा लागला.

हे सगळे आपल्याला नवीन असायला नको होते. आपण बडोद्याचे लोक आहोत. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिले आणि रंगकामापासून यंत्रविद्येपर्यंतचे शिक्षण लोकांच्या भाषेत द्यायला लावले. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. आजची आपली टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्याच कलाभवनातून उभी राहिली. महाराज स्वतः इंग्रजीचे मोठे वाचक होते, विलायतेच्या वाऱ्या करीत, त्यांना इंग्रजीचे वावडे नव्हते. तरी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले तेव्हा ते मुलांच्या भाषेतच.

हैदराबादच्या आपल्या बांधवांना दुसरे उदाहरण तोंडपाठ असेल. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूत शिकवत. त्यासाठी खास भाषांतराचे खाते उघडले होते. मात्र इंग्रजी हा विषय तिथे सक्तीचा होता. माध्यम उर्दू, इंग्रजी पक्के. त्या पहिल्या काळातले रझिउद्दीन सिद्दिकी गणित उर्दूत शिकून केंब्रिजला आणि पुढे जर्मनीत लाइपझिगला गेले. हैदराबादेतल्या किती मराठी घरांतले आजोबा उर्दूत गणित शिकून पुढे इंजिनिअर झाले, ते तिथल्या वाचकांनीच सांगावे. आणि गोव्याच्या माशेलमध्ये जन्मलेले रघुनाथ माशेलकर? मुंबईच्या महापालिकेच्या मराठी शाळेत अनवाणी जाणारा तो मुलगा पुढे संशोधनासाठी इंग्लंडला गेला आणि १९९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झाला. मराठी शाळेमुळे त्यांचे काय अडले?

माझे उदाहरण त्यांच्यापुढे फारच किरकोळ, पण ते माझ्या हातचे आहे. मी दहावीपर्यंत याच मराठी शाळेत होतो. कॉमर्सला गेलो तेव्हा पहिल्या वर्षी डेप्रिसिएशन म्हणजे काय ते कळेना. प्राध्यापक तासभर बोलले. शेजारच्या गुजराती मित्राने कानात सांगितले, "घसारो." घसारा! मराठीत आणि गुजरातीत एकच शब्द. वडिलांच्या सायकलचा घसारा मला लहानपणापासून माहीत होता. त्यानंतर डेप्रिसिएशन कधी चुकले नाही. पहिली सहामाही जड गेली, दुसरीत बरोबरीला आलो, तिसऱ्या वर्षी इंग्रजी माध्यमवाले माझ्या वह्या मागत होते. तेव्हा गैरसोय झाली नाही असे मी म्हणत नाही. झाली. पण ती एका सहामाहीची होती.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो, आणि तो टाळीचा नाही म्हणून बैठकीत कोणी मांडला नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला तिथे पदवीच्या मुलांना शिकवावे लागते. त्याचे बोलणे मुलांना समजले नाही तर मुले तक्रार करतात, आणि बरोबर करतात. म्हणून पुष्कळ विद्यापीठे बोलण्याच्या भागात वेगळे, जास्त गुण मागतात. यात मला गैर काही दिसत नाही. इंग्रजी चांगले यावे ही अपेक्षा विज्ञानात रास्तच आहे, कारण शोधनिबंध इंग्रजीत छापले जातात. माझी तक्रार इंग्रजीशी नाही. आपल्या मराठी शाळेत इंग्रजी वाईट शिकवले जाते, ही माझी तक्रार आहे. धडा वाचायचा, खाली गुजराती-मराठी अर्थ लिहायचा, प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवायची. दहावीपर्यंत मुलाच्या तोंडून इंग्रजीचे एक वाक्य निघत नाही. हा दोष इंग्रजीच्या तासाचा आहे आणि आपण शिक्षा भूगोलाच्या तासाला, गणिताच्या तासाला, कवितेच्या तासाला देतो आहोत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शिवाय माध्यम बदलले म्हणजे इंग्रजी आपोआप सुधारेल असे समजणाऱ्यांनी एवढे सांगावे: शिकवणार कोण? शिक्षक तेच. पगार तोच. ज्या बाई आज मराठीतून परिसर अभ्यास छान शिकवतात, त्याच बाई उद्या चुकीच्या इंग्रजीतून तोच शिकवतील. मुलाला परिसरही कळणार नाही आणि इंग्रजीही येणार नाही. शहरात चांगल्या इंग्रजी शाळा भरपूर आहेत. ज्यांना घालायचे ते तिथेच घालतील, आपल्या अर्ध्याकच्च्या इंग्रजी शाळेत कोण येणार आहे? पट वाढेल हा हिशेब मला तरी जमत नाही, आणि हिशेब हा माझा पोटाचा धंदा आहे.

राजकीय बाजूही पाहा. राज्यघटनेच्या कलम ३० प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा, चालवण्याचा अधिकार आहे. कलम ३५० क प्रमाणे अशा समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करायची आहे. हे कलम १९५६ साली, राज्यांची भाषावार पुनर्रचना होताना, आपल्यासारख्या सीमेपलीकडे राहिलेल्या लोकांसाठीच घातले गेले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले. बेळगावकडचे आपले बांधव मराठी शाळांसाठी सरकारशी झगडतात आणि आपण इथे कोणी सांगितले नसताना, कोणी दडपले नसताना, आपल्याच हाताने ठराव करून वर्ग बंद करणार! उद्या सरकारपुढे शिक्षकांच्या जागा मागायला गेलो तर अधिकारी पहिला प्रश्न विचारील, तुमचे मराठी वर्ग आहेत कुठे?

खरे तर मंडळाने वेगळ्या दारावर थाप द्यायला हवी होती. ज्या युनिव्हर्सिटीचे माध्यम इंग्रजी आहे तिच्या पदवीधरांना ही परीक्षा पुन्हा का, हे भारत सरकारने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांना एकदा लेखी विचारावे. आपल्या खासदारांनी संसदेत विचारावे. आपल्या मुलांचे लाखो रुपये दरवर्षी या परीक्षांवर बाहेर जातात. निवडणुकीच्या वेळी मंडळाच्या सभागृहात हार घालून घ्यायला जे येतात, त्यांच्याकडून या एका प्रश्नाचे उत्तर मागायला काय हरकत आहे?

वार्षिक सर्वसाधारण सभेत मी उपसूचना मांडणार आहे. पाचवीपर्यंतचे वर्ग मराठीच राहावेत. पहिलीपासून इंग्रजीसाठी एक चांगला स्वतंत्र शिक्षक कायम निधीच्या व्याजातून नेमावा, ज्याला स्वतःला इंग्रजी बोलता येते असा. सभागृह संध्याकाळी रिकामेच असते. तिथे बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांसाठी टोफेल-आयईएलटीएसच्या तयारीचा सहा महिन्यांचा वर्ग चालवावा. परदेशी स्थिरावलेल्या आपल्या सभासदांच्या मुलांनी संगणकावरून आठवड्यातून तास-दीड तास बोलण्याचा सराव करून घेतला तरी खूप झाले. आणि परीक्षेची फी ज्यांना झेपत नाही त्यांना ती निम्मी देण्यासाठी वेगळे खाते उघडावे. त्यात माझे पाच हजार एक रुपये पहिले धरावेत. पुतणीने आपल्या पहिल्या विद्यावेतनातून तेवढेच टाकायचे कबूल केले आहे, अर्थात तिचा दुसरा निकाल त्यांना पसंत पडला तर.

उपसूचनेला अनुमोदक आणि किमान पंचवीस सभासदांच्या सह्या हव्या आहेत. ज्यांना सही करायची असेल त्यांनी दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी घरी यावे. त्या दिवशी बँक बंद असते, मी घरीच असतो.